सबवूफर घेताय? आधी वॅट आणि ओहम जुळवा

बेंबळी (जि. धाराशिव) : गाडीत दणदणीत 'बेस' हवा म्हणून बेंबळीहून धाराशिवच्या बाजारात जाण्याआधी सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायरची जोडी कशी जुळते, हे समजून घ्या. जोडी चुकली तर आवाज फाटतो, कॉइल जळते आणि पैसे वाया जातात.

वॅट कोणते पाहावे? : खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा 'पीक', म्हणजे क्षणभर पेलणारी ताकद असते. सतत पेलणारी ताकद 'आरएमएस'मध्ये दिलेली असते. सबवूफर ३०० वॅट आरएमएसचा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरही साधारण तेवढ्याच आरएमएसचा घ्यावा.

ओहमचे गणित : ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीजमध्ये जोडल्या तर ८. किमान ४ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर २ ओहमचा भार टाकल्यास तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

'गेन' म्हणजे आवाज नव्हे : छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन नको तितका वाढवला, की ध्वनिलहरींची टोके कापली जातात. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. त्यानेही कॉइल जळू शकते.

फ्यूज विसरू नका : ३०० वॅटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर प्रवाह ओढला जातो. वायर त्या मानाने जाड हवी. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवावा. तो नसताना वायर घासून शॉर्ट झाली, तर गाडी पेट घेऊ शकते.

आवाजाची मर्यादा : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल.