मुंबईची 'सुहैली'

शिंदखेड्यात राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाने शिडाच्या नौकेवर लेख लिहावा, याचे कोणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्या बुराई नदीत वैशाखात पाण्यापेक्षा वाळूच अधिक असते. पण तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तापी वाहते, ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. आणि मुंबईच्या नौकाबांधणीची मोठी परंपरा याच सुरतेहून तिकडे गेली. 1736 साली लवजी वाडिया हा पारशी कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी सुरत सोडून मुंबईस आला आणि त्याच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधली. 1817 साली पाण्यात उतरलेले त्यांचे 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे! आमच्याकडे सागवानी वाड्याची माडी एवढी टिकली, तर लोक मुद्दाम पाहुण्यांना दाखवायला नेतात.

मात्र एवढ्या बड्या जहाजाची देखभाल राजे-महाराजांनी किंवा मोठ्या संस्थांनी करावी. मला सांगायची आहे ती एका बेताच्या नौकेची गोष्ट. ही नौकाही मुंबईचीच, सागवानाचीच. आणि एका नोकरदार माणसाने स्वतःच्या कमाईतून बांधलेली. लांबी सुमारे 32 फूट, रुंदी 11 फूट, दोन डोलकाठ्या. नाव 'सुहैली'.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. 1963 साली मुंबईत त्याने सहकाऱ्यांच्या भागीदारीत ही नौका बांधायला घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. आणि त्याचेही मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावरील, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा जीवरक्षक नौकांमध्ये. म्हणजे नौका नवी, पण घाट जुना. कुलाब्याच्या सुतारांनी ती हातानेच घडवली. वाकसाने तासणे आणि दोरीच्या धनुष्याने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडणे, ही त्यांची पद्धत. खानदेशात बैलगाडी घडवणाऱ्या सुताराला त्या कारखान्यात नेऊन सोडले असते, तर हत्यारे ओळखायला त्याला वेळ लागला नसता. 19 डिसेंबर 1964 रोजी नारळ फोडून 'सुहैली' पाण्यात उतरली.

नावाविषयी दोन शब्द. भाषेच्या शिक्षकाला ते आवरत नाहीत. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात. 'सुहैल' हे त्यांचे एका तेजस्वी ताऱ्याचे नाव, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्ती. ज्या ऋषीने समुद्र पिऊन टाकला, त्याच्या ताऱ्याशी नाते सांगणारे नाव नौकेला मिळावे, हा योग कोणी जुळवून आणला नव्हता.

डिसेंबर 1965 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन आपल्या भावाला आणि एका मित्राला घेऊन मुंबईहून निघाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दरबानपर्यंत पोचेतो पैसे संपले. मग तेथेच कामधंदा करून पैसे साठवणे आले. 'सुहैली' इंग्लंडला पोचली ती 1967 साली. पुढे एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे त्याच्या मनाने घेतले, तेव्हा त्याला हवी होती नवी, मोठी, पोलादी नौका. तिला पैसा कोणी देईना. शेवटी जी दाराशी होती, तीच सजवली. मध्यमवर्गीय वाचकांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. नवे घर परवडत नाही म्हणून जुन्याचीच कौले चाळून घेणारे आपण लोक.

14 जून 1968 रोजी तो फालमथहून निघाला. स्पर्धेत एकूण नऊ जण होते. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, तो एकटा परत आला. दुसऱ्या कोणालाच ती प्रदक्षिणा पुरी करता आली नाही. या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात अधिक गोडी वाटते ती दुरुस्त्यांची.

अटलांटिकमध्ये थोडे दूर गेल्यावर नौकेत पाणी येऊ लागले. तळाचा कणा आणि त्यालगतची फळी यांच्यामधील सांध फाकली होती, आणि तीही दोन्ही बाजूंनी. बंदर जवळ नाही, आणि थांबले तर स्पर्धा गेली. त्याने पाण्यात बुडी मारून, श्वास पुरेल तेवढा वेळ, त्या फटीत कापसाची वात ठोकून बसवायला सुरुवात केली. अंगाचा गोरा रंग शार्क माशांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून गडद कपडे घातले. कापूस ठोकल्यावर वरून डांबरलेल्या कापडाची पट्टी, आणि तिच्यावर तांब्याची पट्टी खिळ्यांनी मारली. मध्येच एक शार्क आलाच. त्याला बंदुकीने मारून, दुसरे येत नाहीत ना याची वाट पाहून, हे गृहस्थ पुन्हा पाण्यात उतरले.

दुसरा प्रसंग पुस्तकाचा आहे, म्हणून माझ्या विशेष आवडीचा. बॅटरी भरण्याच्या छोट्या इंजिनात ठिणगीसाठी जी बारीक फट ठेवावी लागते, ती मोजायची पट्टी जवळ नव्हती. त्याने पुस्तकाची पाने मोजली. दोनशे पाने म्हणजे एक इंच, तर एक पान इंचाचा दोनशेवा भाग; हव्या त्या फटीला किती पाने लागतील याचा हिशेब करून त्याने तेवढी पाने फटीत सरकवली आणि काम भागवले. वाङ्मयाचा जीवनाला उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हे उदाहरण देतो. ते हसतात, पण विसरत नाहीत.

आता खरा मुद्दा. एवढे दिग्विजय करून आलेल्या नौकेचे पुढे काय झाले? 1989 साली तिने कोलंबसाच्या मार्गाने, जुन्या ग्रहवेध-यंत्रावर भिस्त ठेवून, पुन्हा अटलांटिक ओलांडला. 1991 साली ती ग्रीनलंडला जाऊन आली. मग तिला मान मिळाला: ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात तिची स्थापना झाली. वर छप्पर, भोवती स्वच्छ, कोरडी, यंत्राने राखलेली हवा. ना वादळ, ना लाट. आणि महासागरांनी जे केले नव्हते ते या हवेने करायला घेतले. फळ्या सुकून आक्रसू लागल्या, सांधे मोकळे होऊ लागले. 2002 साली मालकाने तिला तेथून बाहेर काढले.

खानदेशातील कोणाही शेतकऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. उन्हाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली की चाकाचे लाकूड सुकते, आरे खुळखुळतात, लोखंडी धाव सैल पडते. मग चाक काढून पाण्यात घालून ठेवायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि पुन्हा घट्ट बसते. लाकडी नौकेच्या फळ्यांचेही तसेच. त्यांच्यामधील फटी कापूस बुजवतो हे खरे, पण त्याला आवळून धरतात त्या भिजून फुगलेल्या फळ्याच. म्हणून बरेच महिने किनाऱ्यावर ठेवलेली नौका पाण्यात लोटली की पहिले एकदोन दिवस गळते. नवखा मालक घाबरतो. जुना शांतपणे पाणी उपसत बसतो.

पाण्यापाण्यातही भेद आहे, आणि तो आपल्या गृहिणींना चटकन पटेल. समुद्राचे खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही. मिठात मुरलेली कैरी टिकते तसाच हा प्रकार. लाकडाचा वैरी आहे पावसाचे गोडे पाणी. तक्तपोशीच्या एखाद्या फटीतून ते आत झिरपते, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात साचते, आणि तेथे बुरशी घर करते. म्हणून जुनी नौका विकत घेताना जाणता माणूस चकचकीत रंगाकडे पाहत नाही. तो चाकूचे टोक लाकडात टोचून पाहतो, तळाशी साचलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवतो. खारट असेल तर खालून गळती आहे. गोडे असेल तर वरून, आणि ते अधिक वाईट.

'सुहैली'चे सर्वात मोठे दुखणे मात्र लाकडाचे नव्हतेच. ते होते लोखंडाचे. बांधणीच्या वेळी फळ्या आणि वाक यांना धरून ठेवण्यासाठी लोखंडी खिळे-बोल्ट वापरले होते. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि भोवतालचे लाकूड खाते. सागवानात तेल असल्यामुळे हे सावकाश होते एवढेच. संग्रहालयातून सोडवल्यानंतर मालकाने हाती घेतलेल्या मोठ्या दुरुस्तीत ते लोखंड उपटून त्याच्या जागी ब्राँझ बसवले. तरुणपणी जो खर्च वाचला होता तो म्हातारपणी भरावा लागला. तोही बराचसा स्वतःच्या हातांनी, कारण असे काम मजुरीने करून घ्यायचे तर नौकेच्या किमतीहून मजुरी अधिक होते.

आपल्या कोकणात ही विद्या कोणी पुस्तकातून शिकले नाही. पावसाळ्यापूर्वी मचवे आणि होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी झाकायच्या. तळाला चिकटलेले कालव-शिंपले खरवडून काढायचे, फळ्यांना तेल पाजायचे, फटींत नवा कापूस भरायचा, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून तळ वाचवण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर पूर्वी चुना आणि तेल-चरबी यांचा लेप देत; आता तांबेमिश्रित रंग मिळतात. शीड गेले, इंजिन आले. लाकूडही हळूहळू फायबरला जागा देत आहे. याबद्दल मी उसासे टाकणार नाही. ज्याला भल्या पहाटे मासळीला जायचे आहे त्याने वाऱ्याची वाट पाहत का बसावे? पण जुन्या लाकडी होडीवर फायबरचे कवच चढवून ती नवी झाली असे समजणे, हे मला पटत नाही. आतील लाकूड ओलाव्याप्रमाणे फुगते-आकसते, कवच तसे करत नाही. दोघांच्या मध्ये गोडे पाणी शिरले की वरून तुकतुकीत आणि आतून भुसा. नवे खिळे घालावेत, नवे दोर, नवी शिडे, दिशा दाखवणारी नवी यंत्रेही खुशाल घ्यावीत. लाकडाचा श्वास मात्र कोंडू नये.

14 जून 2018 रोजी, त्या पहिल्या प्रस्थानाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, दुरुस्त झालेली 'सुहैली' फालमथच्या पाण्यावर शिडे उभारून हजर होती. त्याच वर्षी जुन्या पद्धतीच्या नौकांची तशीच स्पर्धा पुन्हा झाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत उतरले ते 'थुरिया' घेऊन. ही गोव्यात बांधलेली 'सुहैली'चीच प्रतिकृती. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले, आणि दूरच्या ॲमस्टरडॅम बेटावरून त्यांना मायदेशी आणणाऱ्या आपल्या युद्धनौकेचे नाव होते 'सातपुडा'. आमच्या घरांच्या गच्चीवरून उत्तरेला जी रांग दिसते तिचे नाव तेथवर गेलेले वाचून मला बरे वाटले, हे लपवत नाही.

टॉमी बरे झाले आणि 2022 साली पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले. या खेपेची नौका 'बयानत', 36 फुटी, फायबरची. पण आराखडा जुनाच, कारण नियमच तसा. 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 रोजी, ते दुसरे आले. वाटेत वाऱ्यावर आपोआप चालणाऱ्या सुकाणूचे पाते मोडले होते आणि सुटे पाते उरले नव्हते. त्यांनी नौकेच्या शौचकूपाचे दार काढले, ते कापून पाते केले आणि पुढे निघाले. उरलेल्या प्रवासात त्या शौचकूपाला दार नव्हते. पण नौकेवर दुसरे कोणीही नव्हते.