यकृतशोथ, सी-प्रकारचा

यकृतशोथ, सी-प्रकारचा : (हिपॅटायटिस सी). सी-यकृतशोथ व्हायरसाच्या संक्रामणामुळे यकृतास येणाऱ्या दाहयुक्त सुजेला हे नाव दिले जाते. दूषित रक्ताचे आधान, निर्जंतुक न केलेल्या सुया व उपकरणे आणि काही वेळा प्रसूतिसमयी मातेकडून अपत्याकडे अशा मार्गांनी या रोगाचा प्रसार होतो. अन्न, पाणी किंवा साधा सहवास यांतून तो पसरत नाही.

लक्षणे व विकृती : बहुतेक रुग्णांत प्रारंभी कावीळ अथवा अन्य ठळक लक्षण आढळत नाही. सुमारे १५ ते ४५ टक्के व्यक्तींत व्हायरस उपचारांवाचून सहा महिन्यांच्या आत नाहीसा होतो. उरलेल्यांत तो टिकून राहतो व रोग चिरकारी (दीर्घकालीन) बनतो. अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के रुग्णांना वीस वर्षांच्या अवधीत यकृत सूत्रण रोग (यकृत कोशिकांचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक निर्माण होणे) जडण्याचा संभव असतो. त्यातून पुढे यकृताचा कर्करोगही उद्‌भवू शकतो. रुग्ण स्वतःस निरोगी समजत असतानाच ही हानी होत राहते, हे या रोगाचे सर्वांत घातक वैशिष्ट्य होय.

व्हायरसाचा शोध : बी-यकृतशोथाशी निगडित असलेल्या प्रतिजनाचे वर्णन बारूक ब्लंबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, तर ए-व्हायरस १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसला. तथापि रक्ताधानानंतर होणाऱ्या यकृतशोथाचे बरेच रुग्ण या दोहोंपैकी कोणत्याही व्हायरसाने बाधित नसतात, असे हार्वी आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये दाखविले. १९७८ मध्ये हा रोग रक्ताद्वारे चिंपँझीत संक्रामित करता आला. परंतु कारक व्हायरसाचे संवर्धन करणे मात्र शक्य झाले नाही.

मायकेल हाउटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ व डॅनियल ब्रॅडली यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. बाधित चिंपँझीच्या रक्तद्रवातील न्यूक्लिइक अम्लांपासून त्यांनी डीएनएचे असंख्य तुकडे बनविले व सूक्ष्मजंतूंमध्ये त्यांच्याकरवी प्रथिने निर्माण करविली. रुग्णाच्या रक्तरसात अज्ञात व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडे असणार, या गृहीतकावर त्या रक्तरसाचा शोधक म्हणून उपयोग केला. सुमारे दहा लाख क्लोन तपासल्यावर व्हायरसाचा अंश असलेला एक क्लोन हाती आला. हे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या प्रतिपिंड चाचणीने १९९० पासून रक्तदात्यांच्या रक्ताची तपासणी सुरू झाली. चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये हा व्हायरस एकटाच रोग उत्पन्न करू शकतो, हे सिद्ध केले. आल्टर, हाउटन व राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

चिकित्सा : व्हायरस ज्ञात होण्यापूर्वीच, १९८६ मध्ये, इंटरफेरॉनाचा प्रयोग दहा रुग्णांवर करण्यात आला होता. पुढे त्यास रिबाव्हिरिनाची जोड मिळाली. तरीही दीर्घकाळ अंतःक्षेपणे (इंजेक्शने) घ्यावी लागत, ताप, थकवा, नैराश्य इ. आनुषंगिक परिणाम होत आणि अनेक रुग्णांत गुण येत नसे.

सी-व्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य सुमारे ९,६०० घटकांचे एकसूत्री आरएनए असते. त्यापासून प्रथम एकच लांब प्रथिन तयार होते आणि एंझाइमांमुळे त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने बनतात. यांपैकी आरएनएची प्रत काढणाऱ्या एंझाइमाला सोफोसबुव्हिर हे औषध बनावट घटक पुरविते व प्रत अर्धवट राहते. हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्य झाले. डॅक्लाटास्व्हिर वा व्हेल्पाटास्व्हिर यांच्या जोडीने ते साधारणपणे बारा आठवडे तोंडाने दिल्यास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. बी-व्हायरसाप्रमाणे कोशिकाकेंद्रात टिकाऊ डीएनए ठेवून जाण्याची क्षमता सी-व्हायरसात नसल्यामुळे त्याचे समूळ निर्मूलन शक्य होते.

प्रारंभी अमेरिकेत बारा आठवड्यांच्या सोफोसबुव्हिराची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाल्यावर ते अल्प किमतीत उपलब्ध झाले. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये निदान व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली.

प्रतिबंध : व्हायरसात सतत उत्परिवर्तन होत असल्याने परिणामकारक लस अद्याप बनविता आलेली नाही. बऱ्या झालेल्या व्यक्तीसही पुन्हा संक्रामण होऊ शकते. तिच्या रक्तात प्रतिपिंडे टिकून राहतात. म्हणून चालू रोगाच्या निदानासाठी आरएनए चाचणीही आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोक या चिरकारी रोगाने ग्रस्त होते. खात्रीचा उपचार उपलब्ध असूनही बाधित व्यक्तीस आपल्या रोगाची जाणीव नसेल, तर त्याचा लाभ तिला मिळू शकत नाही. त्यामुळे सुरक्षित रक्त व निर्जंतुक सुया यांच्याइतकेच वेळीच केलेल्या रक्ततपासणीलाही महत्त्व आहे.