जुनं घर पाडताय? सिमेंटचे पत्रे फोडू नका, आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या

घरकुलाचा हप्ता जमा झाला की गावात पहिलं काम निघतं ते जुनं घर पाडायचं. जेसीबी तासावर मिळतो, दोन तासांत भिंती खाली. पण त्या घरावर सिमेंटचे पत्रे असतील, तर ही घाई नको.

राखाडी, नालीदार सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात, साधारण दहाव्या हिश्श्याच्या आत. पत्रा धड आहे तोवर ते सिमेंटमध्ये अडकून राहतात. पत्रा फोडला किंवा ग्राइंडरने कापला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते. फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, अॅस्बेस्टॉसिस हे आजार त्यातून होतात आणि दिसायला बहुतेक वेळा 20 ते 40 वर्षं लागतात. एकदा धूळ गेली म्हणजे आजार झालाच असं नाही. जास्त धोका आहे तो रोज पाडकामावर जाणाऱ्या मजुराला.

जागतिक आरोग्य संघटनेने अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरकारक मानले आहेत. आपल्याकडे मात्र हे पत्रे विकायला, वापरायला आजही बंदी नाही. दुकानात राजरोस मिळणारी वस्तू धोक्याची कशी, असं लोकांना वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता परवानगीचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसार गावठाणात घर नव्याने किंवा पुन्हा बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. त्याच अर्जात जुनं घर पाडणार असल्याचं लिहावं, नमुना 8 चा उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. उताऱ्यावर भावांची नावं असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घेतलेली बरी. भिंत पडल्यावर निघालेली भाऊबंदकी कोर्टात जाते. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर त्यालाही विचारावं. वीजजोड महावितरणकडून तोडून घ्यावा, मिस्त्रीने वायर कापणं म्हणजे जिवाशी खेळ. घर पाडल्यावर नमुना 8 ची नोंद बदलून घ्यावी, नाहीतर नसलेल्या घराची घरपट्टी चालूच राहते.

पत्रे मात्र जेसीबी लावण्याआधी हाताने उतरवावेत. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. जुना पत्रा अचानक तुटतो आणि माणूस खाली येतो. कैच्यांवर फळ्या टाकून त्यावरूनच चालावं. आधी पाण्याने भिजवावं, हुक-बोल्ट सोडवावेत आणि अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली द्यावा, वरून फेकू नये. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क ही धूळ अडवत नाही, त्याला पी-100 फिल्टरचा मास्क लागतो. खाली पडलेला चुरा झाडूने कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधावा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याची नोंद जगभर आहे.

खरी अडचण पुढे येते. काढलेले पत्रे टाकायचे कुठे? सध्या ते ओढ्याच्या कडेला पडतात, नाहीतर तुकडे करून रस्त्याच्या खड्ड्यात भरले जातात. हे सगळ्यात वाईट, कारण गाड्यांखाली त्यांची पुन्हा धूळ होते. पाडकामाच्या कचऱ्याचे नियम आहेत. राडारोडा वेगळा करायची जबाबदारी पाडणाऱ्याची आहे, आणि तो रस्त्यावर किंवा गटारात टाकायला मनाई आहे. घातक कचरा घेणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण दहा पत्र्यांसाठी तिथवर टेम्पो कोण नेणार?

तोवर पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जनावरं आणि पोरं जात नाहीत अशा जागी अख्खे ठेवावेत. जाळू नयेत, तापल्यावर ते फुटून उडतात. गावात असे पत्रे बरेच निघणार असतील, तर ग्रामसभेत विषय घेऊन ग्रामपंचायतीने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र द्यावं आणि सगळ्यांचे पत्रे एकाच गाडीत पाठवावेत.