गुढीआधी कुदळ

होळीचा अग्नी शांत होतो, पिंपळाची जीर्ण पाने अंगणभर विखुरतात आणि पंधरा दिवसांवर आलेल्या वर्षप्रतिपदेचे वेध घरोघरी लागतात. भांडी उजळली जातात, गुढीसाठी वेळू आणला जातो. परंतु घरामागील परसाचे स्मरण फार थोड्यांना होते.

आम्हांलाही ते होत नसे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. या पंढरीत आम्ही चाळीस वर्षे संत सावता माळ्यांचे आख्यान लावले. अरणच्या मळ्यातच ज्यांना विठ्ठल भेटला, त्यांचे गुणगान करून आम्ही घरी यावे आणि परसात राबणाऱ्या सहधर्मचारिणीने हात धुऊन आमचे पान वाढावे, असा क्रम होता. पुढे ती निवर्तली. वर्षश्राद्धानंतरच्या पाडव्याला पानात घरचे लिंबू नव्हते. परसात गेलो, तो वाफे भेगाळलेले आणि झाड सुकत चाललेले! त्या दिवशी आमचे आख्यान प्रथमच आमच्या कानी पडले.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. मृदू भूमी सर्व वृक्षांना हितकर. तीत प्रथम तीळ पेरावेत व फुलावर येताच तेथेच चुरडावेत, असे आचार्य सांगतात. आजचे हिरवळीचे खत ते हेच. ग्रीष्मात सकाळ-सायंकाळ पाणी घालावे, हाही त्यांचाच उपदेश.

त्याच वाटेने आम्ही कामास लागलो. फाल्गुनात वाफे खणून तण काढावे व माती ऊन खाऊ द्यावी. गळलेला पाला जाळू नये. शेण व निर्माल्यासह खड्ड्यात कुजवावा. होळीची राख मात्र बेताने घालावी, कारण आमच्याकडील काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असते. कुजलेले खत मिसळून पाडव्यापर्यंत भेंडी, गवार, काकडी, दोडका लावावा आणि वाफ्यावर पाल्याचे आच्छादन करावे. लिंबाचे आळे बुंध्यापासून दूर करावे. बुंध्याशी पाणी साचल्यास डिंक्या रोग जडतो. वेलांजवळ मातीचे भाजलेले, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे, म्हणजे थोडक्या पाण्यात मुळे ओली राहतात. नव्या फळझाडांची घाई नको. वैशाखात खड्डे खणून तापू द्यावेत आणि रोपे पावसाळ्यात लावावीत.

लिंबाला पालवी फुटली. फळ यावयास आणखी दोन पाडवे जावे लागले. पहिले लिंबू आम्ही देवापुढे ठेवले, तेव्हा ज्या हातांनी ते झाड लावले होते, त्यांचे स्मरण होऊन कंठ दाटला.

वाचकहो, यंदा गुढी उभारण्यापूर्वी एक तरी वाफा स्वहस्ते खणावा. आणि आपल्या घरी परसात राबणारे कोणी असेल, तर त्याच्या हातातील कुदळ आजच घ्यावी. नामस्मरण तेथेही होते.