घरी राहिलेली बहीण

वेल्हे भागातल्या एखाद्या वाडीत ६ वर्षांच्या मुलाला ताप येतो. तो हटत नाही. अंगावर निळे डाग दिसतात. वेल्ह्याचे किंवा भोरचे डॉक्टर चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवतात. तिथे कळते, रक्ताचा कॅन्सर आहे. काही जण मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ते १९४१ साली सुरू झाले. तिथल्या रोग्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरता येते. हा आजार आता पुष्कळ मुलांचा बरा होतो, पण उपचार दोन-तीन वर्षे चालतात. आई मुलाजवळ. बाप कधी दवाखान्यात, कधी भातखाचरात.

आणि १० वर्षांची बहीण घरी, आजीपाशी.

ती रडत नाही. पाणी आणते, शेण काढते, आजीला चहा करून देते. येणारा-जाणारा म्हणतो, पोर किती शहाणी! मला हे कौतुक रुचत नाही. हेडमास्तर असताना मी हजेरीपट पाहत असे. घरात मोठे आजारपण आले की आधी आठवड्यात एक गैरहजेरी पडते, मग दोन. लावणीच्या दिवसांत तर नावच गळते.

तिच्या मनात काय चालते? भाऊ मरणार का? मलाही होईल का? भांडणात मी त्याला ‘मर मेल्या’ म्हणाले, त्यानेच झाले का? मोठी माणसे कुजबुजतात आणि ती आली की गप्प होतात. मग ती आपल्याच मनाने कारण जुळवते.

म्हणून तिला खरे सांगा. आजाराचे नाव सांगा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. शिव्याशापाने, करणीने तर नाहीच नाही. औषधाने भावाचे केस गळतील आणि पुन्हा येतील, हेही आधीच सांगा. ‘तो मरणार का?’ असे तिने विचारले तर तिला गप्प करू नका. ‘डॉक्टर झटताहेत. पुढचे आम्हालाही ठाऊक नाही. कळेल तसे तुला सांगू,’ एवढे पुरे.

एक गोष्ट मात्र उलटी आहे बरं का. तिची सर्दी, ताप, कांजिण्या भावाला घातक ठरू शकतात. औषधांनी त्याची ताकद कमी झालेली असते. त्यासाठी तिला दूर ठेवावे लागले तर कारण सांगा. नाहीतर तिला वाटते, मी नकोशी झाले.

आईने रोज रात्री फोनवर आधी तिच्या शाळेचे विचारावे, मग भावाचे सांगावे. डॉक्टरांना विचारून एखाद्या रविवारी तिला एसटीने भावाकडे न्यावे. शेजारणीने दोन हंडे भरून दिले तर पोर शाळेत वेळेवर पोहोचते. तिच्या मास्तरांना घरची हकीकत कळवा. ‘त्यालाच सगळा खाऊ!’ म्हणून ती कधी चिडेल. मारू नका. तिचा राग खरा आहे.

काही मुलांना दुसऱ्याच्या हाडातला मगज द्यावा लागतो. त्यासाठी सख्ख्या भावंडांची तपासणी करतात. एकेका भावंडाचा मगज पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. तपासणीआधी डॉक्टरांनी सगळे तिच्यासमोर समजावून सांगावे, असे म्हणा. मगज भूल देऊन काढतात आणि शरीरात तो पुन्हा तयार होतो. तिचा जुळला नाही, तर यात तिचा काही दोष नाही, हे त्याच दिवशी तिला जवळ घेऊन सांगा.