पोकर: ध्येय जिंकण्याचं नको, निर्णयाचं ठेवा

सुरगाण्याहून बोलतोय. आजचा प्रश्न: पोकरमध्ये आपण सुधारतोय हे ओळखायचं कसं?

बरेच जण ठरवतात, 'महिन्यात इतक्या चिप्स जिंकायच्या.' पण पानं कुणाच्या हातात असतात? दोन एक्के मिळाले तरी समोरच्या कुठल्याही दोन पानांविरुद्ध शंभरात साधारण पंधरा वेळा हार होतेच. आमच्याकडे भाताची लावणी चोख केली तरी कधी पाऊस दगा देतो. म्हणून लावणी चुकली असं कुणी म्हणत नाही.

मग मोजायचं काय? निर्णय. समजा, तुमच्याकडे बदामाची दोन पानं आहेत. टेबलावर चार उघडी, त्यातही दोन बदाम. शेवटचं पान यायचंय. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण २० टक्के संधी. पॉटमध्ये १०० चिप्स, समोरच्याने उरलेल्या सगळ्या १०० लावल्या. आता २०० मिळवायला तुम्ही १०० घालणार, म्हणजे निदान ३३ टक्के संधी हवी. फक्त बदामाच्या भरवशावर असाल तर फोल्ड करा. पुढचं पान बदाम निघालं, तरी निर्णय बरोबरच होता.

मी कोड रिव्ह्यूसारखं करतो: आठवड्याला दहा अवघड डाव वहीत लिहायचे, निकाल झाकून गणित तपासायचं. दहापैकी किती निर्णय बरोबर, तेच ध्येय.

आणि हो, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. 'कौशल्याचा खेळ' म्हणून पोकरला त्यात सूट नाही. सराव फुकटच्या चिप्सवरच करा. गणित तेच राहतं, खिसाही शाबूत राहतो.