शब्द लक्षात राहतो तो कशामुळे?

सोमवारी इंग्रजीच्या तासाला दहा नवे शब्द फळ्यावर लिहिले जातात, शेजारी त्यांचे मराठी अर्थ. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि घरून पाच-पाच वेळा लिहून आणतात. शुक्रवारच्या चाचणीत बहुतेकांना बरे गुण मिळतात. महिन्याभराने त्यातलाच एखादा शब्द दुसऱ्या धड्यात येतो, तेव्हा मात्र सारा वर्ग गप्प! आपण वैतागून म्हणतो, "पोरं अभ्यासच करत नाहीत." मूल मनाशी म्हणते, "इंग्रजी आपल्याला जमायचं नाही." यातले दुसरे वाक्य अधिक घातक आहे. कारण दोष बरेचदा मुलाचा नसतो, त्याला दिलेल्या कामाचा असतो. तो कसा, हे पाहू या.

मुळात विसरणे ही मनाची स्वाभाविक क्रिया आहे. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ करून त्या किती काळ टिकतात हे मोजले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. तेव्हा 'मुले का विसरतात?' हा खरा प्रश्न नाही. कोणत्या कामामुळे विसरणे लांबते, हा आहे.

याचे एक उत्तर 2008 साली कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकी संशोधकांनी केलेल्या प्रयोगात मिळते. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. उदाहरणार्थ, 'माशुआ' म्हणजे होडी. आधी शब्द व अर्थ पाहायचे, मग नुसता शब्द पाहून अर्थ आठवायचा, अशा फेऱ्या होत्या. एखाद्या शब्दाचा अर्थ एकदा बरोबर आला, की पुढे काय करायचे ते गटागटाने वेगळे होते. काही गटांना तो शब्द पुढच्या फेऱ्यांतही आठवायला लावला. काहींना तो पुन्हा विचारलाच नाही. त्यांतल्या एका गटाला तो अर्थासह नुसता पुन्हा पुन्हा दाखवला. आठवड्यानंतर चाचणी घेतली. आठवत राहिलेल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आले. ज्यांना पुन्हा विचारले नव्हते, त्यांना 35 टक्क्यांच्या आसपास. पुन्हा पुन्हा पाहिल्याचा जवळजवळ काहीच फायदा झाला नव्हता. गंमत म्हणजे, 'आठवड्यानंतर आपल्याला किती शब्द येतील?' याचे सगळ्या गटांचे अंदाज जवळपास सारखेच होते. कोणत्या रीतीने शब्द टिकतो, हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही!

आता आपले 'पाच वेळा लिहा' तपासून पाहा. शब्द व अर्थ दोन्ही समोर असतात. तिसऱ्या ओळीपासून हात चालतो, मन दुसरीकडे असते. स्पेलिंगचा थोडा सराव होतो हे खरे, पण अर्थ आठवण्याची वेळच येत नाही.

दुसऱ्या भाषेच्या अभ्यासात लॉफर आणि हुल्स्टेन यांनी 2001 साली एक कल्पना मांडली. कोणत्याही कामाला तीन प्रश्न विचारावेत. शब्दाची विद्यार्थ्याला गरज पडते का? त्याचा अर्थ किंवा योग्य शब्द त्याला शोधावा लागतो का? आणि तो इथे बसतो की नाही, याची पारख करावी लागते का? गरज, शोध आणि पारख जितकी जास्त, तितका शब्द अधिक टिकावा. त्यांनी नेदरलँड्स व इस्रायलमधील इंग्रजी शिकणाऱ्यांवर हे पडताळले. दहा शब्द घेतले. एका गटाने समासात अर्थ दिलेला उतारा वाचून प्रश्न सोडवले. दुसऱ्याने त्याशिवाय गाळलेल्या जागा भरल्या. तिसऱ्याने ते शब्द वापरून स्वतः लेखन केले. दोन्ही देशांत लेखन करणाऱ्यांच्या लक्षात सर्वाधिक शब्द राहिले. मात्र लेखनाला वेळही सर्वांत जास्त लागला होता, हे विसरून चालणार नाही.

मग फरक पडला तो लेखनामुळे, की वेळामुळे? फोल्स यांनी 2006 साली हाच मुद्दा तपासला. शब्द वापरून एक स्वतंत्र वाक्य लिहिण्यापेक्षा त्याच शब्दाच्या तीन वेगवेगळ्या गाळलेल्या जागा भरणे अधिक उपयोगी ठरले, आणि दोन्हींना वेळ साधारण सारखाच लागला होता. म्हणजे 'निबंध उत्तम, गाळलेल्या जागा वाईट' असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक वेळी योग्य शब्द कोणता, हे मनातून शोधून काढावे लागले, आणि ते पुन्हा पुन्हा करावे लागले, ही खरी गोष्ट आहे.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे जमेल का? जमेल, त्यासाठी साहित्यही लागत नाही. वहीच्या पानाला मधोमध घडी घालून डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ लिहायला सांगावे. घडी मिटून अर्थ आठवायचा, मगच उघडून पाहायचे. आज, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने. दहाऐवजी सहाच शब्द घ्यावेत, पण प्रत्येक शब्द तीन निरनिराळ्या वाक्यांत गाळून विचारावा. वाक्ये मुलांच्या परिचयाची असावीत: 'हार्वेस्ट' शिकवताना गावातली ज्वारीची कापणी आठवावी. शेवटी एखादे वाक्य मुलाने स्वतःचे लिहावे. चुकले तर चुकू द्यावे. मात्र बरोबर उत्तर लगेच दाखवावे. आणि या आठवण्याला गुण देऊ नयेत. गुण आले, की भीती येते आणि मूल शेजारच्याच्या वहीत डोकावते.

आठवताना मूल अडखळते, डोके खाजवते, तेव्हा आपल्याला वाटते की त्याला येत नाही. चटकन अर्थ सांगून टाकावासा वाटतो. तेवढे चार क्षण थांबू या. शब्द पक्का होतो तो त्या अडखळण्यातच.